शॉपकर

अण्णांकडे गेलं की चहाच्या आधी बीटीयू मिळतात. दाराशी बूट, मोजे, टोपी, मफलर असं एकेक उतरवत असतानाच ते विचारतात, "ताई, एका माणसाचे किती?" पहिल्यांदा मला वाटलं, पुरणपोळ्यांचं विचारताहेत. मी म्हटलं, "दोन पुरेत." अण्णांचा चेहरा पडला. त्यांना हवं होतं ते उत्तर ३४०. धडधाकट माणूस काहीही न करता नुसता बसून राहिला, तरी तासाला एवढे बीटीयू उष्णता आजूबाजूला टाकत असतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांत या माणसाचा इतका उपयोग आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मिनेसोटात, शहराबाहेर, जिथे शेजारच्या घराचा दिवा दिसतो पण शेजारी दिसत नाही अशा ठिकाणी अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून घर घेतलं, ते घराच्या मागच्या शेडसाठी. इकडे त्या शेडला शॉप म्हणतात. अण्णांनी तिकडे फोनवर आईला सांगितलं, "आई, शॉप घेतलं." आईनं विचारलं, "कशाचं दुकान?" अण्णांनी समजावलं, की दुकान नाही, तिथे विकायचं काही नसतं, आपणच काहीतरी बनवत बसायचं. आई थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे चालत नाही, असंच ना?"

शॉप तीस बाय चाळीस फूट, भिंती बारा फूट उंच. जमिनीत गाडलेले लाकडी खांब, बाहेरून पत्रा, आत भिंतीत आर-१९ चं इन्सुलेशन, छतावर आर-३८. आर म्हणजे उष्णतेला अडवण्याची ताकद, आकडा जितका मोठा तितका अडथळा जास्त. अण्णा कोल्हापूरचे. वडिलांचं उद्यमनगरात एक लेथ आणि त्याच्यावर पत्रा, एवढ्यावर सगळं घर चाललं. त्या पत्र्याखाली एप्रिल-मेमध्ये उष्णता कशी घालवायची एवढाच प्रश्न असायचा, आणि त्यावर उत्तर म्हणजे शटर उघडं ठेवणं आणि उसाचा रस. आता त्यांच्याच मुलाला उष्णता विकत आणून कोंडून ठेवायची होती. बाहेर उणे दहा फॅरेनहाइट, म्हणजे आपले उणे तेवीस. आत हवेत साठ, म्हणजे साडेपंधरा. मधले सत्तर अंश कुठून आणायचे, या एका प्रश्नावर अण्णांचे तीन हिवाळे गेले.

शॉपकर ही वल्ली एकट्या आमच्या अण्णांची नाही. इथल्या थंड मुलखात ती गावोगाव सापडते, गोरी असते, काळी असते, हल्ली मराठीही असते. ओळखायची खूण सोपी. कुठल्याही इमारतीत शिरल्यावर माणसं समोर बघतात, शॉपकर वर बघतो. टायरच्या दुकानात, गोदामात, शाळेच्या जिममध्ये छताखाली एका कोपऱ्यात लोखंडी पेटी टांगलेली असते, पुढून झडपा, मागून पंखा. हाच तो टांगायचा गॅस हीटर. शॉपकर आधी तिच्यावरची पाटी वाचतो, मग माणसांना नमस्कार करतो. आमच्या मराठी मंडळाचा गणपती एका जिममध्ये बसतो. आरतीला सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे, अण्णांचे छताकडे. नवीन आलेल्या एका मुलीनं मला हळूच विचारलं, "काका किती तल्लीन झालेत, नाही?" झालेच होते. आरती संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "लाखाचा आहे. दोन लावलेत."

मी आयुष्यभर लोकांचे हिशेब तपासले. त्यामुळे अण्णांची वही माझ्याकडे तपासायला आली यात नवल नाही. शंभर पानी, पुठ्ठ्याची, रेघा मारलेली. पहिल्याच पानावर व्याख्या, की एक पौंड पाणी एक अंश फॅरेनहाइटनं तापवायला लागते ती उष्णता म्हणजे एक बीटीयू. शेजारी कंसात 'काडी'. लाकडी आगकाडी पूर्ण जळली की साधारण एक बीटीयू होतो, हे अण्णा जेवणाच्या टेबलावर करून दाखवत. वहिनी हल्ली काड्यापेटी देव्हाऱ्यामागे लपवून ठेवतात.

पुढच्या पानांवर मात्र मला आदर वाटला. प्रत्येक भिंतीचं, दाराचं, खिडकीचं खातं वेगळं. छत १२०० चौरस फूट, गुणिले सत्तर अंश, भागिले ३८, म्हणून २,२१० बीटीयू तासाला गेले. भिंतींतून ५,९३०. जमिनीच्या कडांतून इतके, दोन मोठ्या दारांतून इतके. आणि मग एक खातं सगळ्यांवर मात करणारं, ते म्हणजे हवा. शॉपचं पोट १४,४०० घनफूट. फटीफटींतून तासाला अर्धी हवा बदलते असं धरलं, तर ९,०७२. म्हणजे एवढं जाडजूड इन्सुलेशन भरलेल्या छतातून जातं त्याच्या चौपट न दिसणाऱ्या फटींतून जातं. हिशेबनीसाला याचं आश्चर्य वाटत नाही. मोठ्या खर्चावर सह्या असतात, पैसा किरकोळीतून जातो.

सगळ्याची बेरीज २५,००५. मी दोनदा मांडून पाहिली. बरोबर होती.

तुम्ही आम्ही असतो तर पंचवीस हजारांचा हीटर मागायला गेलो असतो. इथेच शॉपकराची खरी करमणूक सुरू होते, कारण पंचवीस हजारांचा मिळत नाही. तीसचा मिळतो, पंचेचाळीसचा मिळतो, मग साठ, पंच्याहत्तर, लाख, सव्वा लाख. शिवाय पाटीवर लिहिलेला आकडा गॅस किती खाईल त्याचा. शंभरातले वीस धुराबरोबर बाहेर जातात. तेव्हा तीस हजारांचा घेतला तर हातात चोवीस हजार. कमी पडले एक हजार पाच.

एक अख्खा हिवाळा या एक हजार पाचवर गेला. अण्णांचं म्हणणं, तीस हजारांचाच घ्यावा आणि तूट भरून काढावी. कशी? "ताई, तीन माणसं. तीन गुणिले तीनशे चाळीस. हजार वीस झाले की. पंधरा शिल्लक!" त्या हिवाळ्यात आम्हाला दर शनिवारी बोलावणं यायचं. मी, हे, आणि पलीकडचा शेतकरी शेजारी असे तिघे कोट घालून खुर्च्यांवर बसायचो. कोट घातला तर उष्णता बाहेर यायला वेळ लागतो म्हणून अण्णा कोट काढायचा आग्रह करत.

तो शेतकरी शेजारी म्हणजे मिनेसोटाची सभ्यता दोन पायांवर. इथली माणसं तुमचं चुकलं असं कधीच म्हणत नाहीत. "हे वेगळं आहे," असं म्हणतात. तुम्ही कढीत मीठ विसरलात तर "वेगळी आहे". घर पेटलं तरी बहुधा "वेगळं आहे" म्हणतील. अण्णांनी त्याला वही दाखवली. त्यानं पानं उलटली, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "हे वेगळं आहे." मग त्याच्या पद्धतीनं, जमिनीकडे बघत, सांगितलं, की तो असता तर सव्वा लाखाचा टांगला असता.

अण्णा रात्रभर झोपले नाहीत म्हणे. सव्वा लाख! वास्तविक त्या भल्या माणसाचं शेड जुनं, इन्सुलेशन नावाला, ट्रॅक्टर आत घ्यायचा म्हणून अर्धी भिंत उघडावी लागते. त्याला सव्वा लाख लागत असणारच. पण इमारत जितकी चांगली कोंडलेली तितका हीटर लहान लागतो, हे सांगितलं तर कोणालाच पटत नाही. थंडीची भीती माणसाला मोठा आकडा घ्यायला लावते. आणि मोठा घेतला की तो पेटतो, चार मिनिटं गर्जतो, थर्मोस्टॅटपाशी साठ झाले की बंद पडतो, पुन्हा पेटतो. डोकं भाजतं, पाय गोठलेले राहतात, आणि सारखं पेटून विझून यंत्र लवकर म्हातारं होतं. अण्णांच्या भाषेत, "पाव किलो भाताला लग्नातलं पातेलं."

त्याआधीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण वहिनी ती प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पहिल्या हिवाळ्यात अण्णांनी कुणाच्या तरी सल्ल्यानं धुराड्याशिवायचा प्रोपेन हीटर आणला. भोक पाडायला नको, पाइप नको, सगळी उष्णता आतच. उष्णता आत राहिली हे खरं, पण जळालेल्या गॅसचं पाणीही आतच राहिलं. एक गॅलन प्रोपेन जळला की पाऊण गॅलनहून जास्त पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. ही वाफ गार पत्र्यावर, गार लोखंडावर जाऊन बसली. आठवड्याभरात अण्णांनी लिलावात घेतलेल्या लेथवर कोल्हापूरच्या जुलैसारखा गंज. वहिनी म्हणतात, अण्णा त्या लेथजवळ उभे राहून बोटानं तांबूस रेघ पुसत होते आणि त्यांच्या तोंडून फक्त "दादा" एवढंच आलं. दादा म्हणजे वडील. लेथवर तेलाचा हात फिरवल्याशिवाय शटर ओढायचं नाही, हा तिकडचा नियम होता.

तेव्हापासून अण्णा बंद ज्वलनाचे कट्टर. या प्रकारात हीटर जळायला लागणारी हवा एका नळीनं बाहेरून घेतो आणि धूर दुसऱ्या नळीनं बाहेर टाकतो. आतल्या हवेशी त्याच्या ज्योतीचा संबंधच नाही. लाकडाचा भुसा उडो, रंगाचा वास सुटो, ज्योतीला पत्ता नाही. आतली ऊबदार हवा धुराड्यातून पळत नाही. अण्णा सांगतात, "हा पाहुणा चांगला ओ ताई. स्वतःचा डबा घेऊन येतो, खरकटं बाहेर घेऊन जातो, आणि आपल्याला फक्त पंखा घालतो."

मग टांगायचाच का, जमिनीवर का नाही? कारण जमीन शॉपकराला जीव की प्राण असते, तिच्यावर आणखी यंत्रं ठेवायची असतात. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली सरपटते. ज्योत वर असलेली बरी. आणि जमिनीतूनच ऊब आणणारा, काँक्रीटमध्ये नळ्या घालून गरम पाणी फिरवायचा एक राजेशाही उपाय असतो. तो काँक्रीट ओतायच्या आधी सुचावा लागतो. कुठल्याही शॉपकराच्या पायाखालच्या फरशीकडे बोट दाखवून "नळ्या घातल्यात का?" एवढंच विचारा. तो गप्प होतो. मी हे अण्णांना एकदाच विचारलं, पुन्हा नाही.

कंपन्यांच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा एव्हाना फ्रिजवर चढला होता. त्यात अण्णांचा जीव जडला तो मॉडाइन कंपनीच्या 'हॉट डॉग'वर. पलीकडच्या विस्कॉन्सिन राज्यात रसीन गावी १९१६ साली निघालेली ही कंपनी आधी ट्रॅक्टरचे रेडिएटर करायची. म्हणजे इंजिनाची नको असलेली उष्णता बाहेर फेकायचा धंदा, आणि पुढे तीच विद्या उलटी करून माणसाला उष्णता द्यायला वापरली. अण्णांना हे फार भावलं. ते उठता-बसता हॉट डॉग, हॉट डॉग करू लागले. वहिनींच्या घरात कांदासुद्धा चतुर्थीला वर्ज्य. त्यांची बहीण त्या सुमारास राहायला आली होती. तिनं चार दिवस ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी वहिनींना बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, खाऊ दे त्यांना एकदाचं. बाहेर खा म्हणावं."

आता कोणी विचारेल, या शॉपमध्ये बनतं काय? विचारू नये. एवढ्या दिवसांत दोन पाट झाले, त्यातला एक जरा डुलतो. तिसरी वस्तू म्हणजे वहिनींचा देव्हारा. कळस झाला, खांब झाले, उभे-आडवे जोडायचे राहिले. थंडीत लाकडाचा गोंद धरत नाही, पांढरा भुगा होऊन सुटतो, हे खरंच आहे. तेव्हा देव्हारा अडला गोंदासाठी, गोंद अडला हीटरसाठी, आणि हीटर अडला एक हजार पाच बीटीयूंसाठी. उन्हाळ्यात का जोडत नाही, असं मी विचारलं. अण्णा म्हणाले, "उन्हाळ्यात हीटरचा विचार शांतपणे करता येतो."

कोल्हापूरच्या धाकट्या भावाला मात्र आकडा पोचेना. फोनवर अण्णा पंचेचाळीस हजार, पंचेचाळीस हजार करत होते, भाऊ हूं हूं करत होता. शेवटी अण्णांनी आपलं माप काढलं. "हे बघ, आपला घरचा सिलिंडर, १४.२ किलोचा. हा हीटर सलग चालला तर पंधरा तासांत तो सिलिंडर संपला." पलीकडून आवाजच येईना. फोन तुटला असं वाटून अण्णा हॅलो हॅलो करू लागले. मग भाऊ म्हणाला, "पंधरा तासांत? आणि नंबर किती दिवसांनी लागतो तिकडं?" अण्णांनी सांगितलं, की अंगणात पाचशे गॅलनची टाकी आहे, प्रोपेन फुगतो म्हणून ती ऐंशी टक्केच भरतात, म्हणजे चारशे गॅलन. ट्रक येऊन भरून जातो. भाऊ म्हणाला, "मग तुला काळजी कसली? आम्हाला वाटलं तू थंडीत आहेस."

अखेर तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर पंचेचाळीस हजारांचा, बंद ज्वलनाचा हीटर आला. तो का आला, तर तीन माणसांपैकी आम्ही दोघं दोन महिने भारतात जाणार होतो. वहीत माझ्या नावापुढे काट मारलेली मी स्वतः पाहिली.

हीटर चढवायला माणसं आली. छताच्या तुळईला आटे पाडलेल्या सळ्या, त्यावर पेटी, भिंतीतून दुहेरी नळी बाहेर. गॅसचा जोड झाल्यावर त्या माणसानं बाटलीतून साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे येतात का बघायला. अण्णांचा गळा भरून आला. "आमच्याकडं बी सिलिंडर बदलला की हेच करतात," ते त्याला इंग्रजीत सांगू लागले, पण 'बी' मराठीतच राहिला. हीटरचं तोंड कोपऱ्यातून तिरकं, झडपा किंचित खाली, वर छताला एक पंखा उलटा फिरवलेला, कारण ऊब वर जाऊन बसते आणि तिला खाली आणायला कोणीतरी लागतं. थर्मोस्टॅट कामाच्या वेळी साठावर, एरवी पंचेचाळीसवर.

आम्ही परत आलो ते जानेवारीत, बाहेर आपले उणे अठरा होते त्या दिवशी. शॉपमध्ये पाऊल टाकलं आणि खरं सांगते, कोट काढावासा वाटला. हीटर कुरकुर न करता सावकाश चालू होता, पंधरा-वीस मिनिटं, मग त्याहून जरा कमी विश्रांती. अगदी वहीत लिहिल्याप्रमाणे. देव्हाऱ्याचे दोन खांब शिकंज्यात आवळून ठेवलेले, गोंद ओला. हिशेब जुळला की माणसाचा जो एक चेहरा होतो तो अण्णांचा झाला नव्हता. मला जरा चमत्कारिक वाटलं. हिशेब जुळल्यावर हा माणूस करणार काय?

पण बातमी पसरली होती. अण्णांचा हीटर बघायला मंडळी येऊ लागली. मंडळाचे दोन, जुन्या कंपनीतले तीन, शेतकरी आणि त्याचा मेव्हणा. आणि अण्णा हीटर दाखवणार तर बाहेरच्या नळ्याही दाखवणार. मोठं दार वर जायचं, सगळे बाहेर, नळ्या बघून सगळे आत. त्यात निरोप! इथल्या लोकांचा निरोप घ्यायचा प्रकार प्रसिद्ध आहे. "बरं तर," म्हणून गुडघ्यावर थाप मारतात, उठतात, दारापाशी जातात, दार उघडतात आणि मग बोलायला सुरुवात करतात. आपल्याकडे वेगळं काय असतं? मुख्य बोलणं उंबऱ्यातच निघतं. कोल्हापूर आणि मिनेसोटा एकाच उंबऱ्यात उभे राहिले, तर ते दार लागणार कसं?

त्या दिवशी निघताना आमचंही तेच झालं. अर्धं दार उघडं, बाहेरून धुरासारखी थंड हवा जमिनीलगत आत येत होती, आणि अण्णांनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे पाहिलं. बावन्न.

"ताई," ते म्हणाले, आणि आवाजात तीन हिवाळ्यांपूर्वीचा तजेला होता, "हवेचं खातं चुकलंय."

"तासाला अर्धी धरली होती तुम्ही."

"दार बंद धरून. माणसं धरलीच नाहीत." वही आलीच. कोट घालता घालता त्यांनी नवं पान उघडलं. डावीकडे 'पाहुणे, येणे, माणशी ३४०', उजवीकडे 'पाहुणे, जाणे'. उजवीकडचा आकडा लिहिताना पेन थोडं थबकलं, कारण तो फारच मोठा निघत होता. "हवा तापवणारा हीटर इथं चालायचाच नाही. दार उघडलं, हवा गेली, संपलं. त्यापेक्षा ट्यूबचा. लांब नळी छताखाली, ती हवेला हातच लावत नाही, खालची फरशी, लेथ, माणूस, सगळं थेट तापवते. दार उघडलं तरी लोखंडात ऊब राहते."

"पण तो तुम्हीच नको म्हणाला होता. खाली लाकडाची थप्पी आहे म्हणून."

"थप्पी हलवता येते की," अण्णा म्हणाले. "तीस फुटी नळी की चाळीस फुटी, एवढंच बघायचं."

ह्यांनी गुडघ्यावर नसली तरी मांडीवर थाप मारली आणि "बरं तर" म्हटलं. कोणी हललं नाही. वहिनी घराच्या खिडकीतून हातानं दार लावा, दार लावा अशी खूण करत होत्या. वर कोपऱ्यात काहीतरी टिकटिकलं, पंखा फिरायला लागला आणि पंचेचाळीस हजारांचा हीटर अंगण तापवू लागला.